हात हलला नाही, म्हणजे जाणीव नाही का?

अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाला तपासताना डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगतात, "डोळे उघडा, माझा हात दाबा." रुग्णाने हात दाबला तर तो शुद्धीवर आहे असे आपण मानतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याने हात दाबला नाही, तर त्यावरून काय ठरवायचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. सांगितल्यावर हात दाबायचा तर आधी ऐकू यावे लागते, ऐकलेले कळावे लागते, ते करायचे हे मनात काही क्षण टिकावे लागते आणि मेंदूकडून स्नायूंपर्यंतचा मार्ग शाबूत असावा लागतो. यांपैकी काहीही एक निकामी झाले, तरी खाटेशेजारी उभ्या असलेल्याला दिसते ते एकच: न हललेला हात.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘लॉक्ड-इन’ अवस्था. मेंदूच्या देठातील पॉन्स या भागाच्या पुढच्या बाजूने हातापायांकडे आणि तोंडाकडे जाणारे तंतू उतरतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की चारही अवयव लुळे पडतात आणि वाचा जाते. मात्र जागेपण राखणारी यंत्रणा आणि कानाकडून येणारा मार्ग त्याच देठात मागच्या बाजूला असल्याने पुष्कळदा बचावतात. असा रुग्ण सर्व काही ऐकत असतो आणि सहसा फक्त पापण्या मिटू-उघडू शकतो किंवा नजर वर-खाली करू शकतो. कोणी ती नजर नीट पाहिली नाही, तर तो बेशुद्धच ठरतो.

ही चूक विरळा नाही. बेल्जियममधील लीएज येथील गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचार करणाऱ्या चमूने एकमताने ‘व्हेजिटेटिव्ह’, म्हणजे डोळे उघडतात पण जाणीव नाही असे, ठरवलेल्या ४४ रुग्णांची जाणीव मोजण्याच्या प्रमाणित श्रेणीने पुन्हा तपासणी झाली. त्यांपैकी १८ जणांमध्ये, म्हणजे ४१ टक्क्यांमध्ये, जाणिवेच्या अल्प पण निश्चित खुणा सापडल्या. तिथे कोणतेही यंत्र लागले नव्हते. शिस्तबद्ध निरीक्षणच पुरले. मग ज्यांच्यात निरीक्षणालाही काही सापडत नाही, त्यांचे काय? तिथे ध्वनी उपयोगी पडतो, कारण डोळे मिटलेल्या माणसापर्यंतही तो पोहोचतो आणि त्याला मेंदूने दिलेले उत्तर ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी टिपण्यासाठी डोक्याला लावलेल्या, तारांतून खाटेजवळच नोंदवता येते.

हे उत्तर अवघ्या काही मायक्रोव्होल्टचे असते आणि मेंदूच्या चालू विद्युतलहरींत बुडून जाते. म्हणून तोच ध्वनी अनेकदा ऐकवून नोंदींची सरासरी काढावी लागते. ध्वनीनंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या लहरी श्रवणमार्ग देठापर्यंत शाबूत आहे की नाही एवढेच सांगतात. जाणिवेबद्दल काही सांगत नाहीत. तरीही ही पायरी कधी गाळू नये. बहिऱ्या रुग्णाला आज्ञा देऊन प्रतिसादाची वाट पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

पुढची पायरी फिनलंडच्या रिस्टो नाटानेन यांनी १९७८ साली दाखवली. एकाच सुराची माळ चालू असताना मधेच वेगळा सूर आला, की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान मेंदू तो फरक टिपतो. गहन बेशुद्धीत हा प्रतिसाद सापडला, तर रुग्ण जागा होण्याची शक्यता वाढते. नातेवाइकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण हा प्रतिसाद लक्ष नसतानाही येतो, त्यामुळे तो जाणिवेचा पुरावा मानता येत नाही.

ही अडचण ओळखून ट्रिस्टन बेकिनश्टाइन, स्तानिस्लास दहान, लिओनेल नाकाश आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जी चाचणी मांडली, ती मला या क्षेत्रातली फार विचारपूर्वक रचलेली चाचणी वाटते. पाच छोटे सूर लागोपाठ वाजतात. पहिले चार सारखे आणि पाचवा वेगळा, असा गट पुन्हा पुन्हा ऐकवला जातो, आणि मग क्वचित कधीतरी पाचही सूर सारखे असलेला गट येतो. त्या गटात जवळच्या सुरांशी तुलना करता काहीच विसंगत नाही. कानाच्या लेखी तो अगदी सपाट आहे. तरीही ज्याने आधीच्या सगळ्या गटांचा नियम लक्षात धरला आहे, त्याला आश्चर्य वाटते ते याच सपाट गटाचे. हे आश्चर्य सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर सुरू होणाऱ्या, रेंगाळणाऱ्या आणि मेंदूभर पसरणाऱ्या लहरीत दिसते. निरोगी माणसांचे लक्ष दुसरीकडे गुंतवले, तर ही लहर नाहीशी होते. शेजारच्या सुरांतला फरक टिपणारी आधीची लहर मात्र राहते. म्हणजे एकाच प्रयोगात आपोआप होणारे काम आणि जाणीवपूर्वक होणारे काम वेगळे काढता येते. ती लहर आली नाही म्हणून जाणीव नाही, असे उलट मात्र म्हणता येत नाही: रुग्णाला गुंगी असेल, तो थकला असेल किंवा वेगळे गट मोजत राहण्याची जी सूचना चाचणीत दिली जाते तीच त्याला कळली नसेल, तरीही ती लहर येणार नाही.

सुरांकडून शब्दांकडे वळले की प्रश्न अर्थाचा होतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी १९८० साली दाखवले, की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ठरावीक ऋण लहर उमटते. ही कसोटी मराठीत आणायची तर भाषांतर कामाचे नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. "तिने तव्यावरची भाकरी उलटली" आणि "तिने तव्यावरची भाकरी नेसली" ही दोन वाक्ये शेवटच्या शब्दापर्यंत हुबेहूब सारखी आहेत. फरकाची वेळ नेमकी त्या क्रियापदापासून मोजता येते. ही वाक्ये रुग्णाच्या घरच्या बोलीत हवीत. अहिराणी किंवा मालवणी बोलण्यात आयुष्य गेलेल्या आजींना पुस्तकी मराठी ऐकवून त्यांना भाषा कळत नाही असे ठरवणे योग्य नाही.

रुग्णाला त्याचेच नाव ऐकवून मेंदूचा प्रतिसाद पाहण्याच्या चाचणीतही हीच दक्षता हवी. आपल्याकडे अनेक स्त्रियांचे नाव लग्नात बदललेले असते, आणि केसपेपरवर लिहिलेल्या नावाने त्यांना घरात कोणी हाकही मारत नाही. माहेरी कोणत्या नावाने हाक मारत, सासरी कोणत्या, मुले काय म्हणतात, हे बहिणीला आणि मुलांना विचारूनच ध्वनिमुद्रण करावे.

याही पुढे जाऊन रुग्णाकडूनच काही करवून घेता येते. न्यूयॉर्कमध्ये यान क्लासेन आणि सहकाऱ्यांनी, आज्ञेला हालचालीने कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या १०४ रुग्णांना ‘हाताची उघडझाप करत राहा’ आणि ‘आता थांबा’ अशा सूचना ऐकवून त्यांचा ईईजी तपासला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६ जणांचा मेंदू दोन सूचनांना वेगवेगळा प्रतिसाद देत होता, हात मात्र जागचा हलत नव्हता. २०२४ साली अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात, आज्ञेला बाह्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांत, म्हणजे सुमारे चौघांत एकात, असा छुपा प्रतिसाद ईईजी किंवा एफएमआरआयने, म्हणजे मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या स्कॅनने, आढळला. हे आकडे वाचल्यानंतर खाटेशेजारी उभे राहून रुग्णाच्या जगण्या-मरण्याची चर्चा मोठ्याने करणे मला तरी अक्षम्य वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ डोळ्यांसमोर होता. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर तिथेच पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबाबतच्या २०११ च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांची तपासणी करून, त्या कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या बहुतेक निकषांत बसतात असे सांगितले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी मात्र त्या आवडीनिवडी दाखवतात असे आग्रहाने सांगितले. त्या प्रकरणातील निकालातून आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८ च्या निकालातून जीवरक्षक उपचार थांबवण्याची कायदेशीर वाट तयार झाली, आणि आता असा निर्णय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळांपुढे येतो. अशा मंडळापुढे जाणाऱ्या कागदांत श्रवणमार्गाच्या तपासणीचा अहवाल, गुंगीची औषधे शेवटची कधी दिली त्याची वेळ, वेगवेगळ्या दिवशी किमान पाच वेळा केलेली प्रमाणित तपासणी आणि रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत ध्वनी ऐकवून घेतलेला ईईजी, एवढे असल्याशिवाय ‘प्रतिसाद नाही’ हा शेरा मान्य करू नये, असा माझा आग्रह आहे. ईईजीचे यंत्र मोठ्या रुग्णालयांत आधीच असते. त्याला जोडायला लागतो तो हेडफोनचा एक जोड, लहरींचे विश्लेषण जाणणारा एक प्रशिक्षित माणूस आणि त्या रुग्णाला ओळखणाऱ्या कोणाचा तरी आवाज.