आठ अक्षरं आणि त्यात लपलेले शब्द

नमस्कार श्रोतेहो, आज पेन आणि कागद जवळ घेऊन बसा, नुसतं ऐकून ह्यातली मजा कळणार नाही. मी आठ इंग्रजी अक्षरं सांगतो, लिहून घ्या. ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. ही आठच्या आठ वापरून शब्द करायचाय, एकही उरायला नको आणि एकही दोनदा यायला नको.

बहुतेक जण काय करतात, अक्षरं नुसती इकडची तिकडे करत बसतात. पण आठ अक्षरांच्या रचना किती होतात माहितीये? 40,320! म्हणून आधी शब्दाचं शेपूट शोधायचं. आय, एन, जी दिसतायत ना, ती तिन्ही उचला आणि कागदाच्या उजव्या कडेला लिहा. उरली पाच, आणि पाचांच्या रचना फक्त 120. त्यात अलर्ट दिसतो, ऑल्टर दिसतो, म्हणजे अलर्टिंग आणि ऑल्टरिंग झालेच की. जरा थांबलात तर रिलेटिंगही निघतो, कारण रिलेटला आयएनजी लागताना त्याचा शेवटचा ई गळून पडतो.

इथेच बरेच जण पेन खाली ठेवतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण ह्याच आठ अक्षरांत अजून दोन फार सुंदर शब्द आहेत आणि ज्या आयएनजीने आपल्याला तीन शब्द दिले त्यानेच हे दोन झाकून ठेवलेत. तो आयएनजी मोडा. आता एल आणि ई शेवटी ठेवून बघा... ट्रायँगल! आणि ए, एल शेवटी ठेवलं की इंटिग्रल.

आता मोठ्याने म्हणा, ट्रायँगल, इंटिग्रल, रिलेटिंग. कानाला काही नातं लागतं का? आपल्याला मराठीची सवय, क लिहिला की क च वाचायचा, पण इंग्रजीतला तोच ए रिलेटिंगमध्ये वेगळा आणि ट्रायँगलमध्ये वेगळा ऐकू येतो. त्यामुळे शोधताना उच्चार करू नका, तोंड बंद आणि डोळे उघडे. मला तर अक्षरं गोलात लिहिली की शब्द लवकर दिसतात, सरळ ओळीत लिहिली की डोळा त्याच ओळीला चिकटून बसतो.

कॉम्प्युटरला असं काही करावं लागत नाही. तो डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवतो, मग ट्रायँगल काय आणि ऑल्टरिंग काय, सगळ्यांची एकच ओळ तयार होते, मी सुरुवातीला सांगितली तीच. तुमची अक्षरं तशीच लावायची आणि ती ओळ जुळते का बघायची, बस. इतकी साधी युक्ती आहे, पण मला अजूनही तिचं कौतुक वाटतं.

कधी कधी दिलेली अक्षरं शब्दात कुठेतरी असली की पुरे असतं, बाकीची कुठलीही चालतात. तेव्हा दुर्मिळ अक्षर आधी धरा. क्यू आणि झेड दिलेत? क्यूच्या नंतर बहुतेक वेळा यू येतोच, म्हणजे तिसरं अक्षर फुकटात मिळालं, मग क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ पटापट सुचतात. स्क्रॅबल ह्या शब्दखेळाचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी तर पेपरमधली अक्षरं मोजून हिशोब बसवला होता, म्हणूनच इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत आणि क्यू एकच.

बरं, आता सात अक्षरं तुमच्यासाठी. ए, ई, आय, एन, आर, एस, टी. एस शेवटी ठेवलात की दोन शब्द तर लगेच निघतील. तिसऱ्यासाठी एस मधे घ्या आणि शेवटी आय, ई, आर ठेवा.