कापलेले केस आणि एक ‘तू’

(पडदा काळा. फक्त गाण्याची सुरुवात ऐकू येते.)

आधी डोळे मिटून ऐका. स्पॅनिश येत नसलं तरी एक शब्द तुम्हाला नक्की कळेल. तू.

हो, स्पॅनिशमध्येही तो ‘तू’च. उच्चार तोच, अर्थ तोच, त्यातली सलगीही तीच. मराठी आणि स्पॅनिश या दोन भाषांचं फार जुनं गोत्र एक आहे, त्याची ही खूण. या गाण्यात ओळीमागून ओळ याच शब्दावर उभी राहते.

गाणं आहे ‘ला इन्कोन्दिसिओनाल’. गायक मेक्सिकोचा लुइस मिगेल. १९८८ च्या ‘बुस्का उना मुहेर’ या अल्बममधलं हे गाणं १९८९ मध्ये घराघरात पोचलं आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय लॅटिन गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा लुइस मिगेलला विशीसुद्धा लागली नव्हती.

शीर्षकाचा अर्थ ‘कसलीही अट न घालणारी’. मूळ विशेषणावरून बाई की पुरुष हे कळत नाही. पुढे लागलेलं छोटंसं ‘ला’ सांगतं की ती स्त्री आहे. तिला नाव नाही. गाणं संपेपर्यंत मिळतही नाही.

(हळूहळू उजेड. जुनी कॅसेट, फिरणारी रिळं.)

गाणं लिहिलं स्पेनच्या हुआन कार्लोस काल्देरोन यांनी. सान्तान्देर या बंदराच्या गावी जन्मलेला हा संगीतकार. युरोपातल्या देशांच्या ‘युरोव्हिजन’ या गाण्याच्या स्पर्धेत १९७३ मध्ये मोसेदादेस या गटाने त्यांचं ‘एरेस तू’ गायलं आणि स्पेनला दुसरा क्रमांक मिळवून दिला. त्या नावाचा अर्थ ‘ती तूच’. तिथे ‘तू’ म्हणजे कृतज्ञता होती, सकाळच्या उन्हासारखी. पंधरा वर्षांनी त्याच माणसाने तोच शब्द घेतला आणि त्यात पश्चात्ताप भरला. मला या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

कारण शब्द फार निष्ठुर आहेत. हॉटेलातल्या चोरट्या भेटी. पहाटेचा निरोप. वचन नाही, शपथ नाही, नात्याला नाव नाही. ती कशाचीच अपेक्षा न ठेवता येत राहिली आणि तो घेत राहिला. आता तो एवढंच कबूल करतो की तिच्यावर प्रेम करणं त्याला जमलं नाही, आणि का जमलं नाही हेही त्याला ठाऊक नाही. सुरुवातीला आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. ध्रुवपदाला तो वर चढतो, आणि तिथे त्या कोवळ्या गळ्यात वयापेक्षा मोठं दुःख ऐकू येतं.

आता डोळे उघडा.

(व्हिडिओतली दृश्यं.)

पेद्रो तोरेस यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत हॉटेल नाही, चोरटेपणा नाही. इथे एक तरुण मैत्रिणीचा निरोप घेऊन सैन्यात जातो. गणवेश, कवायत, शिस्त. आणि ते एक दृश्य, जे लॅटिन अमेरिकेतली एक अख्खी पिढी विसरलेली नाही. केस कापण्याचं.

लुइस मिगेलचे लांब, सोनेरी झाक असलेले केस ही त्याची ओळख होती. मुलींच्या खोल्यांतल्या पोस्टरवर तेच केस होते. ते खरोखरच उतरवले गेले. यंत्र डोक्यावरून फिरतं, बटा खाली पडतात, आणि बघता बघता लाडका तारा चारचौघांसारखा एक रंगरूट होऊन जातो.

मेक्सिकोत हे बघताना पोटात कालवायला आणखी एक कारण होतं. तिथल्या तरुणांना अठराव्या वर्षी लष्करी सेवेसाठी नाव नोंदवावं लागतं. मग सोडत निघते. पांढरा गोळा आला की कवायतीला जायचं, काळा आला की सुटका. सैनिकी केशकर्तन हा त्यामुळे घरोघरी ओळखीचा प्रसंग. दारात उभ्या आईने, गल्लीतल्या मैत्रिणीने पाहिलेला.

मात्र एक सांगायलाच हवं. व्हिडिओने गाण्याला सोडवलं. गाण्यातला माणूस ‘का, ते ठाऊक नाही’ म्हणतो. व्हिडिओ त्याच्या हातात कारण ठेवतो, कर्तव्याचं. गाण्यात तो अपराधी आहे, पडद्यावर देशासाठी दूर गेलेला. मला गाण्यातला माणूस अधिक खरा वाटतो. त्याच्याकडे गणवेश नाही, सबब नाही.

तरीही ते केसांचं दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ येतो, आणि जपलेलं काहीतरी आपल्याच संमतीने जमिनीवर पडत असतं. तेवढे काही क्षण व्हिडिओ आणि गाणं एकच गोष्ट सांगतात.

(मैफलीचा आवाज. हजारो माणसं.)

२०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर लुइस मिगेलच्या आयुष्यावरची मालिका आली, तेव्हा नव्या पोरांनी हे गाणं पुन्हा उचललं. ज्यांनी ती कॅसेट कधी हातात धरली नव्हती, त्यांनासुद्धा ते पाठ झालं. मैफलीत ध्रुवपद आलं की आवाज प्रेक्षकांतूनच उठतो. हजारो गळ्यांतून एकच अक्षर.

तू.

(पडदा काळा.)