अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत कळ

पणजीतला मळा हा भाग. तिथल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना एक काकू मध्येच कठड्याला धरून थांबतात. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ म्हणून घरी पाठवलं. कळ मात्र येतच राहिली.

अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या वाहिन्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेल्या तिथे दिसत नाहीत. श्रम वाढले की या बारीक वाहिन्यांनी सैल व्हायला हवं. त्या होत नाहीत, कधी उलट आवळतात; मग हृदयाला रक्त कमी पडतं आणि कळ येते. १९७३ मध्ये याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं गेलं, आता मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात, म्हणजे बारीक वाहिन्यांमुळे छातीत येणारी कळ. रुग्णांत बायका जास्त, त्यातही पाळी जाण्याच्या वयातल्या. टेन्शनचा शिक्का इतक्या सहज बसतो तो त्यामुळेही असेल.

कळीच्या धास्तीनं चालणं सुटतं. मग थोड्याशा कामानंही नाडी धावू लागते आणि कळ आधीपेक्षा लवकर गाठते.

म्हणून औषधांच्या जोडीला व्यायाम. आधी देखरेखीखाली ट्रेडमिल: नाडी कितीवर गेली की कळ येते ते पाहायचं आणि चाल त्याच्या खाली ठेवायची. काकू आता मिरामारच्या किनाऱ्यावर चालतात. पहिली दहा मिनिटं अगदी रेंगाळत, कारण एकदम वेग घेतला की या वाहिन्या मागे पडतात. बांगड्या वर सारून त्या मनगटावर नाडी धरतात. सोपं माप म्हणजे मैत्रिणीशी गजाली मारता याव्यात, आरती म्हणायला मात्र दम पुरू नये. शेवटीही हळूहळूच थांबायचं. आल्तिनोच्या टेकडीची चढण पुढे कधीतरी.

चालताना रक्ताचा ओघ वाढतो, वाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिनी सैल होते. नियमित चालण्यानं अस्तराचं हे काम सुधारतं, आणि तेवढ्याच श्रमाला नाडी कमी धावते. यावरचे अभ्यास लहान आहेत, पण श्रम करण्याची ताकद वाढल्याचं आणि दुखणं कमी झाल्याचं त्यांत दिसलं आहे.

खरी अडचण पावसाळ्याची. अंगण शेवाळतं, चालणं सुटतं. तेव्हा घरातच येरझाऱ्या. आणि खंड पडलाच, तर पुन्हा सुरुवात कमी वेगानं.

ही कळ चालणं थांबवल्यावरही रेंगाळते, जिभेखालच्या गोळीनं दर वेळी उतरतेच असं नाही. कळ आली की बसायचं. ओसरली नाही, घाम फुटला, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर १०८ ला फोन. मागचा अहवाल नॉर्मल होता म्हणून वाट बघत बसायचं नाही.