बेसी स्मिथ : तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत

[काळा पडदा. तबकडीवर सुई टेकल्याची खरखर.]

१६ फेब्रुवारी १९२३, न्यू यॉर्क. कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. इथं मायक्रोफोन नाही, तो यायला अजून दोन वर्षं आहेत. आहे तो आवाज टिपणारा एक भोंगा, आणि त्याच्यासमोर उभी असलेली एक उंच, धिप्पाड तरुणी, गायिका बेसी स्मिथ. पियानोवर क्लॅरेन्स विल्यम्स. गाणं, ‘डाउनहार्टेड ब्लूज’. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, दुःख सांगणारं गाणं.

आदल्या दिवशीही ती इथं येऊन गेली होती, पण एकही मुद्रण जमलं नव्हतं. त्याआधी ब्लॅक स्वान या कृष्णवर्णीयांनीच काढलेल्या कंपनीनं तिला परत पाठवलं होतं. आवाज फार रांगडा म्हणून.

तोच रांगडा आवाज या तबकडीवर उतरला आणि ती लाखांनी खपली. बेसीच्या हातात मात्र वापरता येईल अशा प्रत्येक गाण्याचे १२५ डॉलर पडले. खपावर रॉयल्टी नाही. पुढच्या आठ वर्षांत तिनं कोलंबियासाठी जवळपास १६० गाणी गायली.

[टेनेसीतला जुना रस्ता. गिटारचे सुटे सूर.]

बेसी टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाची. जन्म १८९४चा धरतात. वडील ती तान्ही असतानाच गेले, नऊ वर्षांची होईतो आईही गेली. थोरल्या बहिणीनं, व्हायोलानं, भावंडांना वाढवलं. बेसी रस्त्यावर गायची, नाचायची; भाऊ अँड्र्यू गिटार धरायचा. १९१२मध्ये मोठा भाऊ क्लॅरेन्स एका फिरत्या कंपनीबरोबर गावी आला आणि तिला त्या कंपनीत काम मिळालं, तेही नाचाचं. गायला तिथं आधीच मा रेनी होती. रेनीनं बेसीला पळवून नेलं, ही लोकांनी रचलेली कथा. रेनी तिच्याआधीची, मोठी गायिका, एवढं खरं.

मग दक्षिणेतले तंबू आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांची थिएटरं. तंबूत शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसालाही शब्द कळला पाहिजे, आणि मदतीला कुठलंच यंत्र नाही. बेसीचा आवाज तिथं घडला. त्याला तिनं कधी रंधा मारला नाही.

[तबकडी : ‘सेंट लुई ब्लूज’, जानेवारी १९२५.]

हे जरा कान देऊन ऐका. मागे जो भरीव, लांबणारा सूर आहे तो हार्मोनियमचा. पायपेटी ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. वाजवतोय फ्रेड लाँगशॉ. आणि प्रत्येक ओळीनंतर तिला उत्तर देणारा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं फुंकवाद्य, आहे तेवीस वर्षांच्या जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा. बेसी मोजक्याच स्वरांत फिरते. सुराला खालून येऊन भिडते, एखादा शब्द ओढून धरते, मधेच श्वास घेते, आणि तो श्वाससुद्धा गाण्याचा भाग होतो. ब्लूजमधलं दुःख ती रडून सांगत नाही. ताठ उभी राहून सांगते.

ताठ उभी राहायची म्हणजे खरोखरच. जुलै १९२७, नॉर्थ कॅरोलायनातलं काँकर्ड. कार्यक्रम चालू असताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेची झगे घातलेली माणसं तंबूच्या खुंट्या उपटू लागली. सोबतचे कामगार घाबरून पळाले. बेसी एकटी त्यांच्या अंगावर गेली, मूठ उगारून शिव्या घालत. ते अंधारात निघून गेले, आणि ती आत येऊन पुढचं गाणं गायली.

पुढे रेडिओ आला, बोलपट आला, मंदी आली. १९३१मध्ये कोलंबियानं तिला सोडलं. १९३३मध्ये आणखी चार गाणी, ती शेवटची.

[महामार्ग ६१. पहाटेचा उजेड.]

२६ सप्टेंबर १९३७. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ तिची गाडी एका ट्रकवर आदळली. हात जवळजवळ तुटला. त्याच सकाळी ती गेली.

गोऱ्यांच्या इस्पितळानं दाखल करून घेतलं नाही म्हणून ती मेली, असं लवकरच छापून आलं आणि वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते खरं नाही. तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच इस्पितळात नेलं होतं. रस्त्यावर तिला तपासणारे डॉक्टर ह्यू स्मिथ यांनी पुढे सांगितलं, की त्या भागात काळ्या रुग्णाला गोऱ्यांच्या इस्पितळात न्यायचं कुठल्याच ड्रायव्हरच्या मनात आलं नसतं. मला हे जास्त छळतं. कुणाला नकार द्यायची वेळच आली नाही.

[फिलाडेल्फियाजवळचं माउंट लॉन कब्रस्तान.]

अंत्यदर्शनाला हजारोंची रीघ लागली. पण थडग्यावर दगड नव्हता. एक-दोन नाही, तेहेतीस वर्षं. ऑगस्ट १९७०मध्ये तो बसला. निम्मा खर्च गायिका जॅनिस जॉप्लिनचा. उरलेला हुआनिता ग्रीन यांचा. लहानपणी त्या बेसीच्या घरची फरशी पुसायच्या. एकदा गाण्याच्या स्पर्धेत बेसीनं त्यांना ऐकलं, आणि शाळेत जातेस ना, मग शाळाच धर, गाणं तुझं काम नाही, असं तोंडावर सांगितलं.

त्यांनी ऐकलं. शिकून त्या परिचारिका झाल्या.