जुनं पीएचपी ॲप लाराव्हेलवर नेताय? आधी लॉगिनचं बघा

नमस्कार मंडळी! "आमचं कोअर पीएचपीमधलं (म्हणजे फ्रेमवर्कशिवाय लिहिलेलं) अवाढव्य ॲप लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपीच्या तयार फ्रेमवर्कवर, कसं न्यायचं?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतोय, म्हणून आज तेवढंच बोलू.

सुरुवातीचं बहुतेकांना माहीत आहे. पुढे एन्जिनएक्स (येणारी रिक्वेस्ट हव्या त्या ॲपकडे वळवणारा सर्व्हर) ठेवा, मागे जुनं ॲप चालू राहू द्या, एकेक पान नव्याकडे वळवा. पहिलं पान रिपोर्टसारखं, नुसतं वाचायचं घ्या. पेमेंटला हात नको.

एकानं लिहिलंय, "सगळं नव्यानंच लिहिलं तर लवकर होईल ना?" नाही हो! ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपनं हाच रस्ता धरला. आवृत्ती 4 आली 1997 मध्ये, 5 कधी आलीच नाही आणि 6 यायला नोव्हेंबर 2000 उजाडला. तोवर इंटरनेट एक्सप्लोररनं बाजार काबीज केला होता. जुन्या कोडमधली ती विचित्र इफ कंडिशन कुणाच्या तरी खऱ्या तक्रारीमुळे आलेली असते. ती आधी समजून घ्या.

आता लॉगिन. जुन्या पानावर लॉगिन केलेला माणूस नव्या पानावर जातो आणि पुन्हा पासवर्ड विचारला जातो. का? लाराव्हेल आलेली प्रत्येक कुकी (ब्राउझरनं जपलेली छोटी नोंद) आपण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद केलेली, आहे असं धरून उघडायला बघतं. जुनी सेशन कुकी (सेशन म्हणजे कोण लॉगिन आहे हे लक्षात ठेवणारी सर्व्हरवरची नोंद) साधी असते, ती उघडत नाही, आणि तुमच्या कोडच्या हाती नल, म्हणजे काहीच नाही, येतं. त्या कुकीला एन्क्रिप्शनमधून वगळा.

एवढ्यानं भागत नाही. पीएचपीत सेशनची डिफॉल्ट मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. लाराव्हेलमध्ये 120 मिनिटं. नव्या पानावर अर्धा तास काम करून माणूस जुन्यावर परतला की बाहेर! मी एका टीमबरोबर होते, तिथे "मधेच बाहेर फेकतंय" अशा तक्रारी यायच्या आणि सगळे नेटवर्क तपासत बसलेले. मुदती शेजारी शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला.

आणि लॉगआउट! हे कुणीच तपासत नाही, याचा मला खरंच राग येतो. जुन्या बाजूनं लॉगआउट केलं, नव्या बाजूचं सेशन जिवंत. त्याच कॉम्प्युटरवर बसलेल्या पुढच्या माणसाला तुमचं खातं उघडं.

म्हणून पुन्हा सांगते, लॉगिनचा मालक एकच ठेवा. शेवटचं पान हलेपर्यंत तो जुनाच असू द्या. जुन्या ॲपमध्ये एक छोटी फाइल लिहा: सेशन सुरू करायचं, युजर आयडी परत द्यायचा. नव्या ॲपनं प्रत्येक रिक्वेस्टला तिलाच विचारायचं, स्वतःकडे लक्षात ठेवायचं नाही. त्यामुळे जुन्या सेशनची मुदतही आपोआप वाढत राहते.

"एमडी५चे पासवर्ड आहेत, सगळ्यांना रिसेट करायला लावू?" अजिबात नको. हॅश म्हणजे पासवर्डचं उलट न उलगडणारं रूप; एमडी५ ही ते बनवायची जुनी, कमकुवत पद्धत, बीक्रिप्ट भक्कम. लॉगिन जुळलं की त्याच क्षणी पीएचपीचं पासवर्ड_हॅश फंक्शन वापरून बीक्रिप्टचा नवा हॅश साठवा, लाराव्हेलला तो चालतो. फक्त आधी डेटाबेसमधला पासवर्डचा कॉलम बघा. एमडी५साठी तो 32 अक्षरांचा असेल, बीक्रिप्टला 60 लागतात. 255 करून टाका, मगच हा कोड लाइव्ह न्या.