आवळायच्या आधी पुसा

नमस्कार, श्रोतेहो. फिशटँकखालचं कपाट उघडलं आणि फळी ओली दिसली, की हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. माझाही गेला होता. टाकीच्या काचेतून पाइप बाहेर येतो ना, तिथल्या टँक निपलचा नट मी अर्धा फेरा आणखी आवळला. ठिबकणं थांबायचं राहिलं बाजूला, धारच लागली! रबरी वॉशर दबून एका अंगाला सरकला होता. काच तडकली नाही, एवढंच नशीब.

म्हणून आधी पंपाचा प्लग काढा आणि सगळे सांधे कोरडे पुसा. पाणी मोठं लबाड असतं. गळतं एका जागी, पाइपवरून ओघळतं आणि ठिबकतं भलतीकडेच. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. पंप बंद असतानाच पट्टी भिजली, तर तो सांधा टाकीतल्या पाण्याच्या नुसत्या भारानं गळतोय. पंप सुरू केल्यावरच भिजली, तर पंपाच्या पुढचे सांधे तपासा. भिजलेल्यांपैकी सर्वात वरची पट्टी, तिथे चोर. खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे काम सोपं, सांध्यावर मिठाची पांढरी खपली धरलेली असते.

एका थेंबाचं काय एवढं, असं म्हणू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी.

आट्यांचा सांधा असेल तर तो खोला, जुनी टेप खरवडून काढा आणि नवी टेफ्लॉन टेप 3-4 वेढे गुंडाळा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. उलटी गुंडाळलीत तर फिटिंग फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. मग हातानं घट्ट, वर फार तर पाव फेरा. टँक निपलचा वॉशर नटाच्या बाजूला नको, काचेच्या पलीकडच्या कॉलरखाली, म्हणजे निपलच्या रुंद कडेखाली हवा, म्हणजे नट फिरताना रबर पिळवटत नाही. युनियन, म्हणजे पाइप न कापता खोलता येणारा जोड, गळत असेल तर त्यातली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, काढून पाहा, बऱ्याचदा वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्यानं काही जातींचं रबर फुगतं.

चिकटवलेला पीव्हीसी सांधा मात्र बाहेरून लिंपून सुधारत नाही. सॉल्व्हंट सिमेंट हा गोंद नव्हे, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, आणि त्यासाठी ते कोरडे लागतात. सिलिकॉनही पीव्हीसीला नीट धरत नाही. तेवढा तुकडा कापायचा, नवा घालायचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्यायचा. कंटाळा येतो, कबूल.

पाणी सुरू केल्यावर सांध्यावर कोरडी पट्टी पुन्हा बांधा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ती कुरकुरीत लागली, की कपाटाचं दार लावा. नमस्कार.