ओळंबा, गुण्या आणि बंद दार

(दृश्य : फोंड्याजवळचं एक बांधकाम. चिऱ्याची भिंत, ओळंब्याची दोरी.)

ओळंबा हलायचा थांबेपर्यंत मेस्त बोलत नाहीत. दोरी स्थिर झाली की एक डोळा मिटून बघतात आणि चिरा किंचित आत ढकलतात. आम्ही सकाळी कॅमेरा लावला, तेव्हापासून दोन थर चढलेत.

फ्रीमेसनरी म्हणजे बंद दारामागे विधी करणारं एक जुनं बंधुमंडळ. तिच्यावरची फिल्म इथून का सुरू होते? कारण त्या नावातला ‘मेसन’ म्हणजे हाच माणूस, गवंडी. पोर्तुगीज भाषेत तर सरळ ‘पेद्रेइरु लिव्र’ म्हणतात, म्हणजे मोकळा गवंडी. मध्ययुगीन युरोपात चर्च आणि किल्ले बांधणारे पाथरवट कामाशेजारी खोपटं उभारत, त्याला लॉज म्हणत; तिथं जमणाऱ्या मंडळीलाही तेच नाव पडलं. पुढे हळूहळू दगडाला कधी हात न लावलेले लोकही या मंडळ्यांत शिरले. २४ जून १७१७ रोजी लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची वरची संस्था, झाली, असं मेसन मंडळी सांगतात. गवंडीकाम मागे पडलं, पण गवंड्याची पिशवी राहिली.

(दृश्य : गुण्या, कंपास, छिन्नी, हातोडा, पट्टी. एकेक जवळून.)

त्या पिशवीतच सगळं आहे. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास; त्यातले किती कामाला, किती प्रार्थनेला, किती दुसऱ्याच्या मदतीला, ते मोजायचं. हातोडा आणि छिन्नी स्वतःचे कंगोरे उडवायला. गुण्या वागणं काटकोनात ठेवायला, कंपास हाव एका वर्तुळात ठेवायला. लॉजमध्ये दोन दगड मांडलेले असतात, एक ओबडधोबड आणि एक घडवलेला. नवा माणूस म्हणजे पहिला दगड.

आपल्याकडच्या चिऱ्याची गंमत आणखी वेगळी. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, तेव्हाच कापून घ्यावा लागतो. वारा लागला की कडक होतो. इंग्लंडच्या पाथरवटांच्या हाती चिरा असता तर त्यांनी यावरही एक प्रवचन रचलं असतं!

पायऱ्या तीन : शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन. प्रत्येक पायरीचा विधी म्हणजे एक छोटं नाटक, संवाद पाठ करून सादर केलेलं. दशावतार रात्र रात्र बसून पाहिलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटू नये.

पहिल्या पायरीला उमेदवाराचे डोळे बांधतात. अंगावरचं नाणं, अंगठी, घड्याळ, धातूचं जे काही असेल ते काढून घेतात. एक गुडघा उघडा. विधी पुढे सरकतो, डोळ्यांवरची पट्टी निघते आणि त्याला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. इमारतीचा पहिला दगड तिकडच्या प्रथेनं याच कोपऱ्यात बसतो. आपल्या घरात ही देवघराची दिशा. तिथं त्याच्याकडे दान मागतात. तो खिसे चाचपतो, खिसे रिकामे. मग त्याला सांगतात, ही वेळ लक्षात ठेव. पुढे कोणी रिकाम्या हातानं समोर आला तर आठव. मला विचाराल तर अख्ख्या विधीत इतकं साधं आणि इतकं नेमकं दुसरं काही नाही.

मग गुपित कुठलं? खुणा, हस्तांदोलनाच्या पद्धती आणि काही शब्द. बाकीचं बहुतेक सगळं केव्हाच छापून झालंय. तरी बंद दारामुळे अफवा उठल्याच. उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत.

(दृश्य : जुनं गोवें. से कॅथेड्रलजवळची मोकळी जागा.)

गोव्यात मात्र प्रकरण अफवेवर थांबणारं नव्हतं. १७३८ साली पोप बाराव्या क्लेमेंटनं कॅथलिकांना मेसन होण्यास बंदी घातली. पाचच वर्षांनी लिस्बनमध्ये जॉन कूस्तोस नावाचा रत्नांना पैलू पाडणारा कारागीर इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मद्रोह हुडकणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, पकडला. गुन्हा हाच, लॉज चालवली. त्याचा छळ झाला, गलबतांवरच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि अखेर इंग्रजांनी मध्यस्थी करून सोडवला. त्याच यंत्रणेची गोव्यातली कचेरी इथं, या मैदानाशेजारी होती. लोक तिला ‘ओरलें घर’ म्हणत, मोठं घर. आज तिथं गवत आहे.

पण पोर्तुगालातच पुढे वारं फिरलं. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजा गेला, प्रजासत्ताक आलं. ते आणणाऱ्यांत मेसन मोजावे तितके थोडे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बेर्नार्दीनु माशादु तर ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या मेसनांचे प्रमुख, राहिलेले. १९११ साली चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला, तो ज्यांच्या हातून झाला ते मंत्री अफोंसु कोश्ता हेही मेसन. गोव्यातल्या हिंदूंना नोकऱ्यांची, शाळांची, वर्तमानपत्रांची दारं खऱ्या अर्थानं उघडली ती या काळात. हेगडे देसायांचं ‘भारत’ हे वर्तमानपत्र १९१२ चं. लॉजनं आपल्याला हक्क दिले, असं कोणी म्हणू नये. पण ज्या हवेत ते मिळाले त्या हवेत लॉजचाही श्वास होता.

ती हवा टिकली नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीनं १९३५ साली गुप्त मंडळांवर बंदी आणली आणि आपण असल्या मंडळाचे सभासद नाही, असं सरकारी नोकरांकडून लिहून घेतलं.

(दृश्य : मडगाव, दामोदर साल. मग रायतूरची सेमिनरी.)

इथं एक आडवाट घेतो, कारण ती सोडवत नाही. १८८४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला. १८९२ च्या ऑक्टोबरात तोच तरुण संन्याशाच्या वेशात मडगावला उतरला आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचायला रायतूरच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, गेला. स्वामी विवेकानंद. मेसनना बंदी घालणाऱ्या चर्चच्या ग्रंथालयात एक मेसन पोथ्या चाळत बसलाय, आणि दोन्हीकडचं कोणी ते मनावर घेत नाहीये!

(दृश्य : काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. मधल्या चौरंगावर उघडे ग्रंथ.)

२४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. त्यानंतर पंचविसाव्या दिवशी गोवा मुक्त झाला. योगायोगच, पण तारखा शेजारी ठेवल्या की बऱ्या दिसतात.

आता तुमच्यापैकी ज्यांना आत जावंसं वाटतंय त्यांच्यासाठी. लॉजकडून आमंत्रण येत नाही, आपण विचारायचं. ओळखीचा मेसन नसेल तर पश्चिम भारताच्या रिजनल ग्रँड लॉजशी संपर्क करायचा. तिचं ठाणं मुंबईत, फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये. एकवीस वर्षं पूर्ण झालेला पुरुष हवा आणि त्याची देवावर श्रद्धा हवी. कुठल्या देवावर, हे विचारत नाहीत. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी उघडे असतात. शपथ ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर घ्यायची. आत धर्म आणि राजकारण यांवर वाद करायचा नाही. गोव्यात निवडणुकीच्या दिवसांत हा नियम पाळणं बहुधा सर्वांत अवघड.

सूचक लागतो, अनुमोदक लागतो. मंडळी तुम्हाला भेटतात, चौकशी करतात. मग मतदान : झाकलेल्या पेटीत हात घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकायची. काळ्या पडल्या तर दार बंद, आणि कोणी टाकल्या ते कळत नाही. प्रवेश फी असते, वार्षिक वर्गणी असते, ती आधीच विचारून घ्या. बैठकीला गडद सूट, पांढरे हातमोजे, ॲप्रन; मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. बैठकीनंतर एकत्र जेवण.

ग्रँड लॉज ऑफ इंडियात स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा ॲनी बेझंट यांनी भारतात आणली. आणि कॅथलिक प्रेक्षकांनी हे माहीत ठेवून ठरवावं : लॉजची त्यांना हरकत नाही, पण चर्चनं १९८३ साली बंदी पुन्हा स्पष्ट केली, मेसन झालेल्यास कम्युनियन, म्हणजे मिसेतला पवित्र प्रसाद, घेता येत नाही.

धंद्यासाठी ओळखी हव्यात म्हणून जाणार असाल तर राहू द्या. स्वार्थासाठी येत नाही, असं पहिल्याच विधीत सर्वांसमोर सांगावं लागतं. आणि ‘सभासद व्हा, श्रीमंत व्हा, आधी इतके पैसे भरा’ असा व्हॉट्सॲप आला तर तो सरळ भामट्याचा आहे, खोडून टाका.

(दृश्य : पुन्हा बांधकाम. ऊन उतरलंय.)

मेस्तांना मोबाइलवर लॉजचे फोटो दाखवले. गुण्या त्यांनी लगेच ओळखला. कंपास बघून मान हलवली.

“मग हे लोक भिंत कुठं बांधतात?”

“नाही बांधत.”

त्यांनी फोटो मोठा केला. पांढराशुभ्र ॲप्रन, निळी किनार.

“तेच म्हटलं,” मेस्त म्हणाले, “एकाच्याही ॲप्रनला चुना नाही.” आणि ओळंबा गुंडाळायला लागले.